आंबे भरले की टॅग मुका का होतो, आणि त्यात करिअर कुठे आहे

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यात राहतो. घरची हापूसची कलमे आहेत, पॅकिंगची छोटी शेड आहे. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे आरएफआयडीमध्येच, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचल्या जाणाऱ्या टॅगच्या तंत्रातच, काम करायचे म्हणते. प्रोजेक्टसाठी तिच्या गटाने आमच्याच प्लास्टिकच्या क्रेटना टॅग चिकटवले. रिकामे क्रेट वर्गात ५ मीटरवरून वाचले गेले. आंबे भरल्यावर हातभर अंतरावरूनही धड वाचले जात नाहीत. शेडमध्ये खांबाला अँटेना बांधून १० मीटर बारीक काळी केबल ओढली, तर आणखीच बिघडले. पोर हिरमुसली आहे. तिचे काका म्हणतात, हे गाडीच्या काचेवरचे स्टिकर, त्यात शिकायचे काय, आणि आता तर क्यूआर कोड आलाय. मामा म्हणतात, बोटींवर बसवलेले यंत्र तेच, ते बसवून झाले की काम संपले. तिने यात पडावे का? पुढचे शिक्षण कुठले घ्यावे? कोकण सोडावे लागेल का?

उत्तर : ताई, आधी प्रोजेक्टचे बघू. बाकीच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरे त्या क्रेटमध्येच आहेत. मुलीला सांगा, प्रोजेक्ट फसलेला नाही. रिकाम्या वर्गात टॅग वाचून दाखवणे कुणालाही जमते. या क्षेत्रात पगार मिळतो तो जिथे टॅग मुका होतो तिथे त्याला बोलता करण्याचा.

क्रेटवरच्या टॅगला बॅटरी नसते. रीडर, म्हणजे टॅग वाचणारे यंत्र, सतत लहर सोडत असतो, टॅगमधली चिप त्याच लहरीतून स्वतःपुरती वीज काढते आणि आपल्या अँटेनाची जुळणी भराभर बदलत राहते. त्यामुळे परतणारी लहर कमी-जास्त होते आणि रीडर त्यातून क्रमांक ओळखतो. परावर्तित लहरीवर संदेश पाठवण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ सालीच मांडली होती. स्वस्त चिप यायला पुढची काही दशके गेली.

आता वर्गातल्या ५ मीटरचा हिशेब मांडू. मुलीला हा तोंडपाठ हवा, मुलाखतीत हटकून विचारतात. रीडरची ताकद १ वॅट, म्हणजे ३० डीबीएम (एक मिलिवॅटशी तुलना करून डेसिबलमध्ये सांगितलेली ताकद; दर ३ डेसिबलला ती दुप्पट किंवा निम्मी होते). अँटेनाचा गेन, म्हणजे लहर एका दिशेला एकवटण्याचा फायदा, ६ डेसिबल, एकूण ३६, म्हणजे ४ वॅट. आपल्या नियमांची मर्यादाही तीच. ८६६ मेगाहर्ट्झला, म्हणजे आपल्याकडे या टॅगसाठी वापरतात त्या फ्रिक्वेन्सीला, ५ मीटर मोकळ्या हवेत साधारण ४५ डेसिबल जातात. अँटेना सर्क्युलर पोलरायझेशनची (गोल फिरणारी लहर सोडणारी) आणि टॅग सरळ पट्टीचा, तिथे आणखी ३ गेले. टॅगची अँटेना २ परत देते. टॅगपाशी उरले उणे १० डीबीएम. चिप उणे २० ला जागी होते असे धरले, तर हाताशी १० डेसिबलची शिल्लक. नव्या चांगल्या चिप उणे २४ च्या आसपासही जागतात, पण शिकाऊ किटमध्ये त्या असतीलच असे नाही.

शेडमध्ये या शिल्लकीला पहिली कात्री लागली ती केबलची. आरजी-५८ सारखी बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल खाते. १० मीटरला ५ डेसिबल, म्हणजे रीडरमधून निघालेल्या ताकदीचा जेमतेम तिसरा हिस्सा अँटेनापर्यंत पोचला. यावर उपाय दोन : एलएमआर-४०० सारखी जाड केबल, जी १० मीटरला सव्वा-दीड डेसिबलच घेते, किंवा रीडरच खांबावर अँटेनाशेजारी बसवून कॉम्प्युटरपर्यंत साधी नेटवर्कची वायर ओढणे. दुसरा उपाय जवळजवळ नेहमीच बरा.

राहिलेली शिल्लक आंब्याने खाल्ली. हापूसच्या गरात पाचातले सुमारे चार भाग पाणी, आणि पाण्याची परमिटिव्हिटी (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो याचे माप) हवेच्या जवळपास ८० पट. असले फळ टॅगला चिकटून आले की दोन गोष्टी होतात. टॅगची अँटेना ८६६ ला जुळवलेली असते, ती जुळणी खाली घसरते. शिवाय लहरीचा मोठा वाटा पाण्यात जिरतो. फास्टॅग काचेला न लावता तळहातात धरून टोलच्या अँटेनासमोर नाचवला की तो बऱ्याचदा वाचला जात नाही, त्याचेही कारण हेच. तळहात म्हणजे पाणीच. तिथे गाडी अडते आणि शिव्या मात्र यंत्राला बसतात.

हे डोळ्यांनी बघता येते. अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळते हे दाखवणारे, नॅनोव्हीएनए नावाचे हातात मावणारे मापक काही हजारांत मिळते. स्वस्तातले जुने मॉडेल ९०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते खरे, पण वरच्या टोकाला त्याचे माप डळमळते, म्हणून ३ गिगाहर्ट्झपर्यंतचे घ्यावे. ८६६ मेगाहर्ट्झची लहर ३४.६ सेंटिमीटर लांब असते. तिच्या अर्ध्यापेक्षा किंचित आखूड, म्हणजे तांब्याच्या तारेचे ८.२ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापावेत आणि आखूड केबलच्या टोकाला एक आतल्या तारेला, दुसरा जाळीला, असे समोरासमोर डाग द्यावेत. पडद्यावरच्या रेषेत ८६६ च्या आसपास खळगा दिसेल, तिथे अँटेना जुळली असे समजावे. थोडा खाली दिसला तर दोन्ही टोके एकेक मिलिमीटर कापत जावे. मग एक आंबा हळूहळू जवळ आणावा. हातभर अंतरावर काही होत नाही, चार बोटांवर खळगा खाली सरकू लागतो, आणि आंबा तारेला टेकला की खळगा कुठल्या कुठे जातो. अंतर आणि खळग्याची जागा असा तक्ता केला की टॅग फळापासून किती लांब हवा याचे उत्तर तिच्या हातात येईल. हंगाम संपायच्या आत हे करून घ्या, बटाट्यावर केलेल्या मोजणीला परीक्षक हसतील.

क्रेटसाठी लगेच करण्याजोगे असे : टॅग क्रेटच्या भिंतीच्या मधोमध चिकटवू नये, तिथे आतून फळ टेकलेले असते. वरच्या कडेला, हाताच्या खाचेजवळ लावावा आणि मागे १५ ते २० मिलिमीटर जाडीचा फोम किंवा पोकळ प्लास्टिक द्यावे. एकावर एक रचलेल्या थप्पीतले मधले क्रेट कुठल्याच बाजूने दिसत नाहीत. त्यांना वाचायचा हट्ट सोडून टेम्पोत चढवताना दारातच एकेक वाचावे. दाराच्या दोन्ही बाजूंना अँटेना असली की उत्तम. पत्र्याच्या शेडमध्ये परावर्तनामुळे वीतभराहून कमी अंतरावर मुकी ठिकाणे तयार होतात. क्रेट हलता असला तर तो त्यातून बाहेर येतोच, म्हणून ठेवलेल्यापेक्षा चालता क्रेट वाचणे सोपे.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. बाहेरून मागवलेल्या स्वस्त रीडरमध्ये अमेरिकेचा पट्टा लावलेला असतो, ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायला मोकळा पट्टा ८६५ पासून सुरू होतो. २००५ च्या नियमांत तो ८६७ पर्यंत होता, २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवला. ९०२ वर १ वॅट सोडणे बेकायदा आहेच, शिवाय ८९० ते ९१५ मध्ये मोबाइलवरून टॉवरकडे जाणारा संदेश असतो, त्यात आपण किंचाळत बसतो. सेटिंगमध्ये 'इंडिया' निवडायचे, ते नसेल तर युरोप.

आता काकांचा मुद्दा. क्यूआर कोडबद्दल ते अर्धे बरोबर आहेत. गिऱ्हाईकाला पेटीवर 'हा खरा हापूस' एवढेच दाखवायचे असेल तर छापलेला क्यूआर पुरेसा आहे. त्याला खर्च शाईचा, आणि वाचायला प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. तिथे टॅग लावा असे सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावावे. टॅगची खरी जागा जिथे माणूस प्रत्येक नगाकडे बघू शकत नाही तिथे : वाशीला जाऊन परत यायचे क्रेट, बर्फाच्या पाण्याने भिजलेले मासळीचे टब, कंटेनर, रेल्वेच्या वाघिणी, गोदामातली अवजारे. ५०० क्रेट दरवर्षी हंगामात बाहेर जातात आणि त्यातले ६० परत येत नाहीत असे समजा. कोणाकडे अडकले हे कळले, तर टिकाऊ टॅगचा खर्च निघण्याची शक्यता असते. हा हिशेब आधी कागदावर मांडायचा. तो जमला नाही तर टॅग लावायचाच नाही, असे सांगू शकणारा इंजिनिअर दुर्मिळ आहे.

मामांचे मात्र चुकले. बोटीवरचा ट्रान्सपाँडर किंवा एआयएस, म्हणजे बोट कुठे आहे हे कळवणारे यंत्र, स्वतःच्या विजेवर बोलते. एआयएस १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि कित्येक सागरी मैल जाते. बिनबॅटरीचा टॅग काही मीटरचा गडी. दोन्हींचा धंदा वेगळा.

तुमच्या मुलीला कामाची एक मोठी जागा दिसली पाहिजे. आपल्याच किनाऱ्यावर उरणजवळ जेएनपीए बंदर आहे. तिथे २०१६ पासून कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावून त्यांचा माग ठेवण्याचे काम सुरू झाले. २०१७ मध्ये सीमाशुल्क खात्याने स्वतः कंटेनर सील करणाऱ्या निर्यातदारांसाठी इलेक्ट्रॉनिक सील आणले. बोल्टसारखे दिसणारे हे सील एकदाच वापरायचे, कापले की कामातून गेले. निर्यातदार सीलचा आणि कंटेनरचा क्रमांक आधी नोंदवतो, बंदरावर अधिकारी रीडरने सील वाचून ताळा करतात. रत्नागिरीची मासळी निर्यातीला निघाली तरी तिचा कंटेनर याच रांगेत येतो. इथे आणखी एक कोडे आहे : सील लोखंडी दारावर बसते आणि लोखंडाला चिकटलेला साधा टॅग पार मुका होतो. म्हणून आत अँटेना आणि लोखंड यांच्यामध्ये ठरावीक अंतर ठेवलेले असते. खालचे लोखंड त्रास न देता उपयोगाला यावे असा आकार काढणे हे अँटेना डिझायनरचे काम.

पुढच्या दहा वर्षांत कशाची गरज आहे, हे तिने नीट समजून घ्यावे, कारण शिक्षणाची दिशा त्यावरून ठरेल.

सर्वात मोठी अडचण पाण्याची आणि धातूची, आणि ती अजून स्वस्तात सुटलेली नाही. धातूवर चालणारे टॅग आहेत, पण जाड आणि महाग. कागदी टॅगपेक्षा त्यांची किंमत कितीतरी पट. मासळीत तर प्रकरण अधिक मजेदार. घट्ट गोठलेला बर्फ लहरीला फारसा अडवत नाही, त्याची परमिटिव्हिटी ३ च्या आसपास. तोच वितळून टॅगवर खाऱ्या पाण्याचा थर आला की काम आटोपते. म्हणजे रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे वाचला गेलेला टब दहा वाजता उन्हात वाचला जात नाही, आणि बसवणारा माणूस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत राहतो. अशा ठिकाणी १३.५६ मेगाहर्ट्झचा एचएफ टॅग बरा. त्याचे चुंबकीय क्षेत्र पाण्याला तितके बिचकत नाही, पण पल्ला बहुधा वीतभराचा, मोठी चौकट लावली तर मीटरभर. मग टब काट्यावर ठेवतानाच वाचायचा. कुठे काय लावावे हे सांगणारी, आपल्या हवेत तपासलेली माहिती फार थोडी आहे. तुमच्या मुलीने हापूसवर केलेला तक्तासुद्धा तेवढ्यापुरता नवा असेल.

दुसरी गरज, टॅगने नुसता क्रमांक न सांगता तापमानही सांगावे. बिनबॅटरीच्या सेन्सर चिप आहेत. गोची अशी की मोजायला जास्त वीज लागते, त्यामुळे पल्ला घटतो, आणि टॅग फक्त रीडरसमोर असतानाच मोजतो. वाटेत रात्री दोनला ट्रकचे कूलिंग बंद पडले तर त्याला पत्ताच नाही. त्यासाठी पातळ बॅटरी किंवा हवेतल्या इतर लहरींवर जगणारा टॅग हवा. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणारी थ्रीजीपीपी ही संस्था 'अँबियंट आयओटी' नावाने अशाच बिनबॅटरीच्या उपकरणांवर काम करते आहे. तो विषय डोळ्यांसमोर असू द्यावा.

सुरक्षा हा तिसरा भाग. नेहमीच्या यूएचएफ (म्हणजे ८६६ मेगाहर्ट्झच्या) टॅगला ३२ बिटचा पासवर्ड असतो, आणि अनेक ठिकाणी तो शून्यच ठेवलेला सापडतो. जुन्या मायफेअर क्लासिक कार्डचे कुलूप २००८ मध्येच फुटले, तरी ती कार्डे दारांवर अजून दिसतात. जेन-२ या यूएचएफ टॅगच्या मानकाच्या २०१३ च्या आवृत्ती दोनमध्ये गुप्तलेखनाची सोय आली, पण ती ऐच्छिक आहे आणि चिपच्या तुटपुंज्या विजेत ती बसवणे हे अवघड काम. गणिताची आवड असेल तर इथे खूप वाव आहे.

प्लास्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमची अँटेना, अशा टॅगचा कचरा वाढतो आहे. त्यामुळे कागदावर छापलेल्या अँटेनावरही काम चालले आहे. पावसाळ्यातली आपली दमट हवा कागदाचे काय करते हे मात्र इथे राहूनच कळते.

खाऱ्या वाऱ्याचे वेगळे सांगायला हवे, कारण साइटवरची नोकरी करणाऱ्याचा अर्धा दिवस त्यातच जातो. किनाऱ्यावरचा कनेक्टर उघडा राहिला तर एका पावसाळ्यात आतून हिरवा पडतो आणि पल्ला हळूहळू घटत जातो, एकदम बंद पडत नाही म्हणून लक्षातही येत नाही. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, एकावर अर्धा थर येईल अशी गुंडाळावी, वर साधी पीव्हीसी टेप. केबल यंत्रात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पागोळी झोलातून गळते, कनेक्टरमध्ये शिरत नाही. पेटी आयपी६७ (धूळ-पाणी आत न येऊ देणारी) असली तरी खालचे ग्लँड, म्हणजे केबल आत घेणारी खोबण, सैल असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारे अरेस्टर हवेतच. मे महिन्यातले वळीव आणि परतीचा पाऊस रीडर जाळून जातात.

सॉफ्टवेअरकडचे लोक दोन चुका वारंवार करतात. एक टॅग एका मिनिटात शेकडो वेळा वाचला जातो आणि प्रत्येक वाचन नवा क्रेट म्हणून मोजले जाते. उलट, विकत घेतलेल्या रीळावर सगळ्यांचा ईपीसी क्रमांक (टॅगवर लिहिता येणारा ओळख क्रमांक) एकच असला तर चाळीस क्रेट एक दिसतात. टॅग आल्याबरोबर स्वतःचा क्रमांक लिहून कुलूपबंद करावा, आणि कारखान्यातच कोरलेला टीआयडी क्रमांक सोबत नोंदवावा.

शिक्षणाचे आता थोडक्यात. डिप्लोमा चांगल्या गुणांनी पुरा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यावा, त्यात डिप्लोमाचेच गुण बघतात. शाखा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच ठेवावी. 'कॉम्प्युटर घे, तेच चालते' असे दहा जण सांगतील. सी आणि पायथन तिला यायलाच हवे, थोडे एसक्यूएलही, पण ते कुठेही शिकता येते. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आणि अँटेना हे विषय मात्र वर्गाबाहेर सहसा कोणी शिकवत नाही. बहुतेक मुले त्यात पास होण्यापुरते वाचतात, म्हणून ज्याला ते येतात त्याला मागणी राहते. कोकणातच लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, रत्नागिरीत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. प्रवेशाआधी अँटेनाच्या लॅबमध्ये नेटवर्क ॲनालायझर (नॅनोव्हीएनएचेच मोठे रूप) चालू स्थितीत आहे का, हे स्वतः जाऊन बघा. पुढे डिझाइनमध्येच जायचे असेल तर गेट देऊन आरएफ किंवा मायक्रोवेव्ह विषयात एमटेक. पवईला समीर ही केंद्र सरकारची मायक्रोवेव्हवर काम करणारी संस्था आहे, तिथल्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवावे.

घरच्या सरावाला आरसी५२२ हे दोनेकशे रुपयांचे मॉड्यूल आणि एखादा आर्डुइनो (प्रोग्रॅम लिहिता येणारा छोटा बोर्ड) पुरे. ते १३.५६ मेगाहर्ट्झचे आहे, त्याने फास्टॅग वाचला जाणार नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पैसे वाया गेले म्हणून काका पुन्हा बोलतील. अँटेना आखायला फोर-एनईसी-टू, सर्किटला कायकॅड, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. आणि बिनतारी उपकरण भारतात विकायचे तर डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची, उपकरण-मान्यता लागते. ती प्रक्रिया माहीत असलेली नवी मुले फार कमी असतात.

कोकण सोडावे लागेल का? पहिली तीन-चार वर्षे बहुधा हो. उरण, नवी मुंबई, पुणे-चाकण इथे बंदर, गोदामे आणि वाहन कारखाने आहेत, बसवण्याची आणि दुरुस्तीची कामे तिथे एका वर्षात जितकी बघायला मिळतात तितकी देवगडात दहा वर्षांत मिळणार नाहीत. साइटवरची पहिली नोकरी उन्हातान्हाची असते, शिडीवर चढावे लागते. मुलगी म्हणून ती नाकारू नका. डिझाइनच्या टेबलावर पुढे जे लागते ते त्या शिडीवरच कळते. परत येऊन मासळी आणि आंब्याच्या प्रक्रिया उद्योगात स्वतःचे काम उभे करायचे असेल तर ते शक्य आहे, पण गिऱ्हाईक थोडे आणि हंगामी, म्हणून त्या भरवशावर कर्ज काढू नये.

आता प्रोजेक्टच्या सादरीकरणाचे. अहवालात रिकाम्या क्रेटचे ५ मीटर पहिल्या पानावर नकोत. पहिल्या पानावर भरलेल्या क्रेटचा आकडा घालायला सांगा. त्याखाली केबलचे ५ डेसिबल, फळापासूनचे अंतर, फोम लावण्याआधीचे आणि नंतरचे वाचन, प्रत्येक वेळी शंभर प्रयत्नांत किती वेळा टॅग बोलला ते. फोम लावूनही जे क्रेट वाचले गेले नाहीत त्यांचे क्रमांकसुद्धा.